वायफायचं विरजण

आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही. डोंबिवली पूर्वेला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. पूर्वी गॅलरीच्या डाव्या कोपऱ्यात तुळशीच्या कुंडीला टेकून उभं राहिलं की दोन काड्या यायच्या. मग समोर टॉवर उभा राहिला आणि त्या काड्याही गेल्या. (राहण्याचा टॉवर. मोबाइलचा असता तर तक्रार कशाला केली असती?) तेव्हापासून घरातले सगळे फोन वायफायवरूनच वाजतात. इतरांकडे नेट गेलं की मालिकेचा भाग बुडतो, आमच्याकडे नेट गेलं की आम्ही जगाला मेलो.

म्हणून गेल्या वर्षी आमचा जुना केबलवाला धंदा आवरून गावी गेला, तेव्हा नवीन नेट निवडायचं काम मी अंगावर घेतलं. वही घातली. रकाने आखले. स्थळं बघताना माझ्या वडिलांनी आत्यासाठी आखले होते तसे: नाव, गाव, उत्पन्न, अपेक्षा.

पहिला रकाना वेगाचा. प्रत्येक जण छातीठोकपणे सांगे, शंभर एमबीपीएस. मी खूश. मग ऑफिसातल्या एका पोराने विचारलं, "काका, त्यातला बी लहान का मोठा?" मला वाटलं थट्टा करतोय. पण नाही. नेटवाले मोजतात बिटमध्ये (लहान बी), आपल्या फायली असतात बाइटमध्ये (मोठा बी), आणि आठ बिट म्हणजे एक बाइट. शंभराला आठाने भागा, सेकंदाला साडेबारा एमबी उरतात. वजन पौंडात सांगितलं की आकडा भरतो, तोच प्रकार. अर्थात साडेबाराही काही कमी नाहीत. २००४ साली सरकारने ब्रॉडबँडचं धोरण आणलं तेव्हा २५६ केबीपीएस मिळाले की ते ब्रॉडबँड, अशी व्याख्या होती, आणि आम्हाला तेव्हा ते विमान वाटायचं. त्याही आधी, १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढे आमच्याही घरी ते आलं, तेव्हा मॉडेम आधी मांजर शेपटीवर पाय पडल्यासारखं ओरडायचं, मग घरातला फोन तासभर एंगेज लागायचा आणि मावशी थेट दारात येऊन विचारायची, "सगळे बरे आहात ना?"

दुसरा रकाना 'अनलिमिटेड'चा. याला मर्यादा असते हे मला तिसऱ्या माणसाने सांगितलं, तेही जाता जाता, चपला घालताना. बहुतेकांच्या बारीक अक्षरात महिन्याला ३३०० जीबीची रेघ असते. ती ओलांडली की वेग जमिनीवर. अनलिमिटेड थाळीत तिसऱ्यांदा बासुंदी मागितली की वाढपी आपल्याकडे बघायचंच सोडतो, तसं. पण खरं सांगायचं तर आमच्या घरात ३३०० जीबी संपवायचे तर सगळ्यांनी झोप सोडावी लागेल. त्या रकान्यावर मी विनाकारण दोन दिवस घालवले.

तिसरा रकाना भावाचा. ४९९ म्हणायचं आणि बिल यायचं ५८९, कारण १८ टक्के जीएसटी हा फोनवर कधी बोलायचाच नसतो. वर्षाचे पैसे एकदम भरले तर दोन महिने फुकट. जुन्या केबलवाल्यालाही मी वर्षाचे भरले होते. तो त्यातले सात महिने घेऊन गावी गेला. तेव्हा आता महिन्याचे महिन्याला.

समोरच्या काकांचा सल्ला वेगळाच होता. "आमचं आहे तेच घ्या. म्हणजे गेलं की दोघांचं एकदम जाईल. तेवढीच सोबत." वर त्यांनी हेही सांगितलं की रात्री नऊनंतर सगळ्यांचंच रडतं. त्यामागचं कारण मला पुढे कळलं. फायबरची एक तार येते, तिच्यावर साधारण अडीच जीबीपीएस असतात, आणि ती वाटेत फाटे फोडून बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटतात. आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखंच ते. सकाळी सातला सगळे नळ एकदम उघडले की तिसऱ्या मजल्यावर करंगळीएवढी धार.

शेवटी निवड केली बायकोने, माझी वही न उघडता. "तार तुटल्यावर येणार कोण?" एवढंच तिने विचारलं. एका नेटवाल्याचा दुरुस्तीचा मुलगा आमच्या मागच्या गल्लीत राहतो, त्याची आई आणि माझी आई एकाच भजनी मंडळात. झालं. तोच ठरला. आणि मला आता वाटतं, माझ्या सगळ्या रकान्यांत हा रकाना नव्हता हीच वहीची लायकी.

मुलगा आला, तार आणली. केसाएवढा काचेचा तंतू, त्यावर हे सगळं चालतं म्हणे. वायफायचा डबा, म्हणजे राउटर, कुठे लावायचा यावर मतभेद झाले. आईला तो दिसायला नको होता, म्हणून लोखंडी कपाटाच्या मागे. मुलगा म्हणाला, लोखंडातून काही बाहेर येणार नाही. मग टीव्हीच्या वर, मोकळ्यावर. आईने रात्रीतून त्याला क्रोशाचं कव्हर विणलं आणि दुसऱ्या दिवशी डबा इतका तापला की त्यावर पापड वाळला असता. डब्यातून दोन वायफाय निघतात, एक जवळपास अडीच गिगाहर्ट्झचं (खरं तर २.४) आणि एक पाचचं. पाचचं चपळ, पण भिंत दिसली की बसकण मारतं. अडीचचं हळू, पण स्वयंपाकघरापर्यंत पोचतं. मी तसं समजावून सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे तुझा भाऊ आणि तू."

कोण कुठला, हे मी विचारलं नाही.

जाताना मुलाने पासवर्ड ठेवला: माझा मोबाइल नंबर. "साहेब, लक्षात राहतो." लक्षात राहतो हे खरं. माझ्याच नव्हे, माझा नंबर असलेल्या प्रत्येकाच्या. पण त्याचीही गरज पडली नाही, कारण आमच्याकडे पासवर्ड मागणाऱ्याला नाही म्हणायची पद्धत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या, आईने दिला. त्यांच्या भाच्याला दिला. इस्त्रीवाल्याला दिला, कारण तो बिचारा दारात उभा होता. मी हरकत घेतली तर आई म्हणाली, "वाटीभर विरजण दिलं म्हणून आपलं दही कमी होतं का?"

याला उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते मला महिनाभराने सापडलं. वेग मंदावला म्हणून ऑफिसातल्या त्याच पोराने मला १९२.१६८.१.१ हा पत्ता उघडायला सांगितला. डब्याचं माजघरच ते. आत शिरायला नाव 'अ‍ॅडमिन', पासवर्डही 'अ‍ॅडमिन'. कारखान्यातून आला तसाच. म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली त्याच कुलपाला लटकवलेली. आत यादी होती, कोण कोण जोडलंय त्याची. आमचे चार फोन, एक लॅपटॉप, एक टीव्ही, एकूण सहा. यादीत तेवीस. एकाचं नाव होतं 'पप्पू किंग'. आमच्या इमारतीत पप्पू नाही. पोरगा म्हणाला, "काका, हा पप्पू उद्या काही लफडं करेल, पण कनेक्शन कोणाच्या नावावर आहे? पोलिस कोणाच्या दारात येतील?"

त्या रात्री मी दोन्ही पासवर्ड बदलले. हल्लीचे जाणकार सांगतात की ॲट-हॅश-डॉलरची रांगोळी काढण्यापेक्षा लांब पासवर्ड बरा. चार-पाच असंबद्ध शब्द जोडले तरी चालतात. मी 'पितळी डबा, तिरका गाढव, उपासाचं रताळं' असं काहीतरी इंग्रजी अक्षरांत एका दमात लिहिलं. मजबूत झालं. मग ते टीव्हीत रिमोटने भरायचं होतं. बाणाची कळ दाबत एकेक अक्षर. 'तिरका'पर्यंत आलो की बोट घसरायचं आणि पुन्हा पितळी डब्यापासून सुरुवात. चाळीस मिनिटं गेली. आईने तो पासवर्ड वहीत लिहून तांदळाच्या डब्यात ठेवला. मी आधी चिडलो, पण विचार केल्यावर पटलं. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा वही परवडली. तांदळाच्या डब्यापर्यंत पोचलेला चोर वायफायसाठी आलेला नसतो.

इथवर ठीक होतं. माझी चूक पुढची. गणपतीत आरतीनंतर सोसायटीपुढे मी सुरक्षेवर बोललो. प्रसाद वाटायच्या आधी बोललो, त्यामुळे कोणी हललं नाही. 'आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा' असा मेसेज म्हणजे फसवणूक. ओळखीच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली आणि फाइलच्या शेवटी एपीके असलं तर ती पत्रिका नव्हे, आपल्या फोनमध्ये शिरणारं अ‍ॅप आहे. अक्षता लांबूनच टाका. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, द्यायलाच लागतो. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये ते सांगितलं. बँकांचे खरे पत्ते आता डॉट बँक डॉट इन वर संपतात. फसलातच तर लाज बाळगू नका, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर ताबडतोब लावा, जितका लवकर फोन तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओटीपी कोणालाही देऊ नका. कोणालाही.

टाळ्या पडल्या. मोदकही दोन मिळाले.

आईने ते शेवटचं वाक्य जपाला घेतलं. आठवड्याभरात गॅसवाला आला. भरलेलं सिलिंडर खांद्यावर घेऊन तीन मजले चढून आला आणि धापा टाकत म्हणाला, "मावशी, कोड सांगा." आई म्हणाली, "देणार नाही." तो म्हणाला, "कोडशिवाय डिलिव्हरी होत नाही." आई म्हणाली, "असंच म्हणतात सगळे." सिलिंडर परत खाली गेलं. त्या रात्री आम्ही इंडक्शनवर खिचडी खाल्ली, ती खाताना मी समजावलं की हा ओटीपी वेगळा. आपण मागवलेली वस्तू घेऊन माणूस दारात उभा असेल, तर द्यायचा. फोनवरून कोणी मागत असेल, तर नाही. मेसेजमध्ये कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं, तेवढं आधी वाचायचं. रिक्षावाल्याला देतो, कुरिअरवाल्याला देतो...

"मग 'कोणालाही' कशाला म्हणालास?" आई म्हणाली.

मी खिचडी खाल्ली.

आणि परवा डब्यावर लाल दिवा लुकलुकायला लागला. तार उंदराने कुरतडली होती. मागच्या गल्लीतला मुलगा अर्ध्या तासात हजर. (वही हरली ती अशी.) त्याने तार सांधली, पण डबाही गेलेला निघाला. नवा डबा होता त्याच्याकडे. तो म्हणाला, "चालू करायला तुमच्या नंबरवर ओटीपी येईल, तेवढा सांगा."

घरात रेंज नाही. नेट नाही. ओटीपी येणार कुठे?

"खालच्या जिन्यात माझ्या फोनला रेंज आहे, तिथे माझा हॉटस्पॉट घ्या," तो म्हणाला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "परक्याच्या वायफायला जोडायचं नाही! ह्यानेच सांगितलंय." मी दुसऱ्या मजल्यावर गेलो. वहिनींचं नेट दुसऱ्या कंपनीचं, व्यवस्थित चालू. पाच मिनिटं पासवर्ड मिळेल का म्हटलं. वहिनी अवघडल्या. "भावोजी, गणपतीत तुम्हीच..." त्या पुढे बोलल्या नाहीत. मीही नाही. गच्चीवर रेंज येते, पण किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी गावाला.

शेवटी मी खाली रस्त्यावर गेलो. भाजीच्या गाडीपाशी उभं राहिल्याबरोबर फोन थरथरला. ओटीपी आला, सहा आकडी. शेवटी लिहिलेलं, तीन मिनिटांत बाद होईल. तीन मजले चढायला मला चार मिनिटं लागतात, गुडघा बरा असेल तर. वर फोन लावावा तर वर रेंज नाही, म्हणून तर मी खाली होतो.

मी वर बघितलं. गॅलरीत माझी लेक, कागद-पेन्सिल घेऊन.

"त्रेसष्ट!" मी ओरडलो.

"काय?"

"त्रेसष्ट! एकोणऐंशी! अठ्ठावीस!"

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत वहिनी आल्या. समोरचे काका आले. टॉवरच्या चौथ्या मजल्यावर कोणीतरी खिडकी उघडली. इंग्रजी शाळेत पंधरा हजार रुपये तिमाही भरून शिकलेली माझी मुलगी वरून ओरडली, "बाबा, एकोणऐंशी म्हणजे फिफ्टी नाइन का सिक्स्टी नाइन?"

"सेव्हन्टी नाइन!" वहिनी आणि काका एकदम ओरडले. आईचा आवाज आला, "अरे, ओरडू नकोस, कोणाला सांगायचा नसतो तो!" मुलगा गॅलरीत येऊन म्हणाला, "अठ्ठावीस ट्वेन्टी एट ना?" आणि त्याला टॉवरमधून उत्तर मिळालं, "हो हो, ट्वेन्टी एट!"

मिनिटभर शांतता. मग वरून लेकीने अंगठा दाखवला. माझ्या हातातला फोन खिशात गेला. भाजीवाल्याने मेथीची जुडी हलवून तिच्यावर पाणी मारलं आणि माझ्याकडे बघून हसला.

"लागलं का सायेब? मग आता पासवर्ड पण टाका सांगून."