मगरदेवाच्या पुजारणीचा दाखला

सुरुवातीच्या ख्रिश्चनांचा विषय निघाला की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात, सिंहांपुढे टाकलेले लोक नाहीतर मग थेट ख्रिश्चन झालेला रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन. मला मात्र यातलं सगळ्यात भारी प्रकरण वाटतं ते सन 250 चं. झालं काय, डेशियस नावाच्या रोमन सम्राटाने फर्मान काढलं की सगळ्यांनी देवांना बळी द्यायचा, मद्य ओतायचं, बळीचं मांस चाखायचं आणि कमिटीसमोर हे केल्याचा दाखला घ्यायचा. इजिप्तमध्ये असले चाळीसपेक्षा जास्त दाखले सापडलेत, बरेचसे फयूममधल्या थिअडेल्फिया गावचे. मजकूर जवळपास सेम, मी कायमच देवांना बळी देत आलोय, आत्ताही तुमच्यादेखत दिला, तरी खाली सही व्हावी ही विनंती. अगदी आपला तहसीलचा अर्ज! त्यात एक दाखला चक्क पेटेसुखोस या मगरदेवाच्या पुजारणीचा आहे, म्हणजे जिचा जन्म देवळात गेला तिलाही कागद आणावा लागला.

ख्रिश्चनांना तर असा बळी देणं म्हणजे धर्म सोडण्यासारखंच. पण तिकडे उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराचा बिशप सिप्रियन लिहितो की त्याच्याच ख्रिश्चन लोकांनी बळी द्यायला एवढी गर्दी केली की अंधार पडायला लागला म्हणून अधिकारी उद्या या म्हणाले तर हे आजच उरका म्हणून गयावया करायला लागले. काहींनी शक्कल लढवली, बळी दिलाच नाही, पैसे चारून नुसता कागद मिळवला. 251 मध्ये डेशियस लढाईत मेला आणि हे सगळे परत चर्चच्या दारात. आता यांचं करायचं काय? रोमचा पाद्री नोव्हेशियन म्हणाला अजिबात घ्यायचं नाही, त्याने वेगळी चूलच मांडली. कार्थेजला ठरलं की नुसता कागद घेणाऱ्यांना लवकर आत घ्या, बळी देणाऱ्यांना मोठं प्रायश्चित्त.

मला विचाराल तर मी या कागदवाल्यांच्या बाजूने आहे. आपण धर्म बदलला असं म्हणतो ते गावाची वेस ओलांडल्यासारखं, काल इकडे आज तिकडे, पण ही माणसं पोरंबाळं, घरदार सांभाळत वर्षभर वेशीवरच उभी होती आणि कुठल्या बाजूला होती ते त्यांना तरी धड सांगता आलं असतं का.

आणि हो, सिप्रियन स्वतः 250 मध्ये लपून बसला होता, रोमच्या मंडळींनी त्यावरून टोमणेही मारले. 258 मध्ये तोच माणूस गव्हर्नरसमोर उभा राहून बळी देणार नाही म्हणाला आणि त्याचं मुंडकं उडवलं. मग 250 मधल्या सिप्रियनला कुठे बसवायचं?