पहिल्याच भागात कुणाला खलनायक ठरवण्याआधी

'प्रोजेक्ट रनवे' या अमेरिकन टीव्हीवरच्या फॅशन डिझाइनच्या स्पर्धेचा नवा सीझन आला की पहिला भाग संपायच्या आतच निकाल लागायला सुरुवात होते. हा आगाऊ आहे. ती सारखी रडणार. ह्याला शिवता येत नाही, ह्याला घेतलंच कसं? ही शांत आहे, दोन भागांत घरी जाईल. आणि तो केस उभे केलेला, तो तर डोक्यातच जातो. माझ्या ओळखीतली अतिशय समंजस माणसंसुद्धा हे लिहितात, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते आहे.

माझं मत सरळ आहे. पहिल्या भागात कपड्याबद्दल जरूर मत बनवा, अगदी ठाम बनवा. माणसाबद्दल मात्र थांबा.

साधं गणित मांडून बघा. अमेरिकन वाहिनीवरच्या एका तासाच्या कार्यक्रमातून जाहिराती वजा केल्या की जेमतेम चाळीस-पंचेचाळीस मिनिटं उरतात. त्यात नियम सांगणं, कापड घ्यायला धावणं, रॅम्प, परीक्षकांचे प्रश्न आणि शेवटची निवड. उरलेल्या वेळात बारा ते सोळा माणसांची ओळख करून द्यायची. म्हणजे एकेकाच्या वाट्याला दोनेक मिनिटं येतात आणि कुणाकुणाला तेवढीही नाहीत. त्या दोन मिनिटांत जे दिसतं, ते संकलकाने कित्येक तासांच्या चित्रीकरणातून निवडलेलं असतं. शिवाय मध्येमध्ये कॅमेऱ्याकडे बघून जे बोलणं येतं, ते काम चालू असताना नाही, वेगळं बसवून घेतलेलं असतं. 'प्रोजेक्ट रनवे'च्या शेवटी सरकणाऱ्या अक्षरांत तर स्पष्ट लिहिलेलं असायचं की विजेता आणि बाहेर जाणारा ठरवताना परीक्षक निर्मात्यांशी सल्लामसलत करतात. फसवणूक चालते असं मी म्हणत नाही. हा कार्यक्रम मला मनापासून आवडतो. पण त्या दोन मिनिटांवर कुणाचा स्वभाव ठरवायचा, हे मला पटत नाही.

डिसेंबर 2004 मधला 'प्रोजेक्ट रनवे'चा अगदी पहिला भाग आठवा. बारा स्पर्धक, मॉडेल हायडी क्लूम सूत्रधार, डिझायनर मायकेल कोर्स आणि फॅशन मासिकाच्या संपादक नीना गार्सिया परीक्षक, आणि पार्सन्स या डिझाइन संस्थेत शिकवणारे टिम गन मार्गदर्शक. पहिलंच आव्हान असं की कापडाच्या दुकानात जायचं नाही, किराणा दुकानात जायचं. 50 डॉलरमध्ये जे मिळेल त्यातून पोशाख उभा करायचा. त्यात ऑस्टिन स्कारलेट नावाचा एक तरुण होता. कुरळे सोनेरी केस, चेहऱ्यावर मेकअप, झालरीचे कपडे, बोलणं अगदी नाजूक. त्याला नुसतं बघून 'हा नाटकी आहे' म्हणून बाजूला सारणारे किती असतील! त्याने मक्याच्या कणसांची सालं घेतली आणि त्यांचा ड्रेस केला. मक्याचं साल ओलं असताना वळतं, वाळलं की आकसतं आणि त्याच्या कडा उचलतात. म्हणजे शिवताना जसं बसलं तसं ते रॅम्पवर राहील याचा भरवसा नाही. तरी तो ड्रेस अंगाला धरून चालला, जिंकला, आणि आजही त्या कार्यक्रमाचा विषय निघाला की लोकांना पहिल्यांदा तो मक्याचा ड्रेसच आठवतो. त्याचं नाटकी वाटणं आणि त्याच्या बोटांतलं कसब या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पहिली दहा सेकंदांत दिसली, दुसरी बघायला रॅम्पपर्यंत थांबावं लागलं.

दुसऱ्या सीझनमध्ये सँटिनो राइसने पडदा व्यापून टाकला होता. उंच, मोठा आवाज, कुणालाही काहीही बोलणारा. क्लोई डाओ मात्र शांत होती. ह्यूस्टनमध्ये तिचं स्वतःचं दुकान होतं, रोज खऱ्या बायकांच्या मापाचे कपडे करायची सवय होती, त्यामुळे तिच्या कपड्यांचं फिटिंग फार क्वचित चुकलं. जिंकली तीच. आणि सँटिनोसुद्धा नुसता भांडकुदळ नव्हता. टिम गन यांच्या आवाजाची तो जी नक्कल करायचा, ती ऐकून सगळी खोली हसत सुटायची. ही बाजू पहिल्या भागात कुठून दिसणार?

आता ख्रिश्चन सिरियानो. चौथा सीझन, 2007. तेव्हा तो 21 वर्षांचा होता. एका बाजूला उभे केलेले केस, तोंडात सतत ठरलेले दोनचार शब्द, आणि स्वतःबद्दल जराही शंका नाही. पहिल्या भागात तो अनेकांना उद्धट वाटला असणार, आणि वाटण्यासारखा तो वागतही होता. पण त्याच भागात त्याचे हात बघा. लंडनमध्ये शिकत असताना त्याने व्हिव्हियन वेस्टवुड आणि अलेक्झांडर मॅक्वीन या नामवंत ब्रिटिश डिझायनरांकडे शिकाऊ म्हणून काम केलं होतं, आणि ते त्याच्या बेतण्यात दिसतं. इतर जण अजून कागदावर रेघा ओढत असायचे, हा कापायला बसलेला असायचा. बाह्या, कॉलर, चुण्या, सगळं अवघड काम अंगावर घ्यायचा आणि वेळेत पुरं करायचा. ज्याला आपण घमेंड म्हणतो ती अनेकदा नुसती खात्री असते. तरुण माणसाला खात्री नीट बोलून दाखवता येत नाही, एवढंच. 2008 मध्ये तो जिंकला आणि प्रेक्षकांच्या मतांवर मिळणारं बक्षीसही त्यालाच मिळालं. पुढे 2016 मध्ये लेस्ली जोन्स या अभिनेत्रीने जाहीरपणे सांगितलं की चित्रपटाच्या प्रीमियरसाठी आपल्याला कुणी डिझायनर कपडे द्यायला तयार नाही. तेव्हा पुढे आला तो सिरियानो. 2019 च्या ऑस्करला बिली पोर्टर या अभिनेत्याने घातलेला काळा मखमली टक्सिडो-गाऊन, म्हणजे वर पुरुषी कोट आणि खाली घेरदार गाऊन, तोही त्याचाच. त्याच वर्षी तो त्याच स्पर्धेत टिम गन यांच्या जागी मार्गदर्शक म्हणून आला. तिथे स्पर्धकांच्या टेबलापाशी उभं राहून तो ज्या आपुलकीने बोलतो, ते बघताना मला फार बरं वाटतं. पहिल्या भागातल्या त्या पोरावर 'उद्धट' असा शिक्का मारून पुढे गेलेल्यांना हे सगळं कधी दिसलंच नसेल.

त्याच सीझनचा पहिला सामना मात्र रामी काशूने जिंकला होता, आणि ही गोष्ट माझ्या मताला थोडं अवघड करणारी आहे. रामीचं ड्रेपिंग, म्हणजे पुतळ्यावर कापड सोडून, त्याच्या चुण्या अंगाच्या वळणाने बसवणं, अप्रतिम होतं. सगळ्यांनी मान्य केलं. आणि मग तेच त्याच्या गळ्यात पडलं. पुढे प्रत्येक वेळी परीक्षक म्हणायचे, पुन्हा ड्रेपिंगच का? दुसरं काही येतं की नाही? तो अंतिम फेरीपर्यंत गेला, पण त्या पहिल्या छापातून त्याची सुटका झाली नाही. म्हणजे कपड्याबद्दलचं पहिलं मतसुद्धा पूर्ण माहिती देत नाही. दडपणाखाली माणूस कशाचा आधार घेतो, एवढं ते सांगतं. मला तेवढं पुरेसं वाटतं, कारण ते त्याच्या कामाबद्दल असतं.

(तिसऱ्या सीझनचा पहिला सामना जिंकणारा कीथ मायकेल काही भागांतच स्पर्धेबाहेर काढला गेला, कारण त्याच्याजवळ नियमात न बसणारी पॅटर्नची, म्हणजे कपडे बेतायच्या नमुन्यांची, पुस्तकं सापडली. पहिल्या भागातला सगळ्यांचा आवडता म्हणजे पुढचा विजेता, हे गणित तेव्हाच मोडलं होतं.)

ज्या सीझनमुळे मी हे सगळं लिहितेय तो मात्र आठवा सीझन, 2010 चा. ग्रेचेन जोन्स सुरुवातीपासून पुढे होती. बोलणं सुस्पष्ट, स्वतःच्या कामाबद्दल नीट सांगता यायचं, परीक्षक खूश. मोंडो ग्वेरा आपला आपला असायचा, फारसा कुणात मिसळायचा नाही. आणि मायकेल कॉस्टेलोबद्दल शिवणघरात एक कुजबुज सुरू झाली की ह्याला शिवताच येत नाही. ही कुजबुज हळूहळू उघड बोलणं झाली. तो काही जिंकला की बाकीच्यांचे चेहरे पडायचे. हे बघताना मला खूप त्रास व्हायचा, कारण त्याचा गाऊन चालताना ज्या तऱ्हेने खाली सुटायचा ते दिसत होतं. कापड अंगावरून कसं पडेल हे त्याला उपजतच कळायचं. आत कुठे कच्चा टाका राहिला असेल, शेवटची दुमड घाईत झाली असेल, ते मान्य. पण म्हणून 'येत नाही'?

मग जोडीने करायच्या एका आव्हानात मोंडो आणि मायकेल एकत्र आले. मोंडोनेही तोवर बाकीच्यांचंच मत धरलं होतं. शेजारी बसून काम केल्यावर त्याला कळलं की हा माणूस मेहनती आहे आणि मनाने चांगला आहे, आणि त्याने ते मायकेलला तोंडावर सांगितलं. सगळ्या सीझन्समधला माझा सर्वात आवडता प्रसंग हा आहे. कॅमेऱ्यासमोर, स्पर्धा चालू असताना, 'तुझ्याबद्दल माझं मत चुकीचं होतं' असं म्हणायला फार मोठं मन लागतं. त्याआधीच्या एका गट-आव्हानात ग्रेचेनचा गट हरला होता, आणि तिने गटाला ज्या प्रकारे वागवलं त्यावर टिम गन यांनी सगळ्यांसमोर सुनावलं होतं. ते सहसा असं बोलत नाहीत.

पुढे कापडावरची नक्षी स्वतः तयार करायच्या आव्हानात मोंडोने अधिकच्या (+) चिन्हांची पॅन्ट केली. रॅम्पवर परीक्षकांनी विचारल्यावर त्याने त्या चिन्हामागचं सांगितलं: तो दहा वर्षं एचआयव्ही पॉझिटिव्ह होता आणि घरच्यांनाही हे माहीत नव्हतं. पहिल्या भागात जो 'घुमा' वाटला, तो किती मोठं ओझं घेऊन त्या खोलीत काम करत होता! अंतिम निर्णयात परीक्षक दुभंगले. क्लूम आणि पाहुणी परीक्षक, गायिका जेसिका सिम्पसन मोंडोच्या बाजूने, कोर्स आणि गार्सिया ग्रेचेनच्या. जिंकली ग्रेचेन. माझ्या मते मोंडोचं काम सरस होतं आणि हे मी आजही कुणाशीही वाद घालून सांगेन. पण तिलाही मी खलनायिका म्हणणार नाही. तिचा संग्रह नीट बेतलेला, एकसंध होता. मायकेल अंतिम रॅम्पच्या उंबरठ्यावर बाहेर गेला. 2014 च्या ग्रॅमी समारंभात बियॉन्सेने पांढऱ्या लेसचा जो गाऊन घातला होता तो मायकेल कॉस्टेलोचा. शिवता न येणाऱ्या माणसाचा.

'शिवता येत नाही' हा शेरा पुढच्याच सीझनमध्ये अन्या आयूंग-चीबद्दलही होता. त्रिनिदाद-टोबॅगोची माजी सौंदर्यवती, आणि शिलाई मशीनवर बसायला लागून जेमतेम काही महिने झालेले. पहिल्या भागात हे कळल्यावर 'चेहऱ्यामुळे घेतलं' म्हणणं किती सोपं! पण तिला कापडाची निवड कळत होती, रंग कळत होते, आणि आपल्याला काय जमत नाही हेही नीट कळत होतं. त्यामुळे ती थोड्याच शिवणींचे, सुटसुटीत, अंगावर वाहणारे कपडे करायची. एकदा कापडाचे पैसेच हरवले, सोबतच्या स्पर्धकाने दिलेल्या थोड्याशा पैशांत तिने काम भागवलं आणि ते आव्हान जिंकली. 2011 ची विजेती तीच.

मग पहिल्या भागात मी बघते काय? मला शिवण येते, त्यामुळे नजर आधी मुंढ्याकडे, म्हणजे बाही जोडतात त्या खांद्याजवळच्या गोलाईकडे, जाते. बाही मुंढ्यात बसवताना चुणी पडली की लगेच दिसते. मग कपड्याची पाठ. घाईत सगळे पुढची बाजू सजवतात, मागे चेन लाटेसारखी वाकडी झालेली असते. उरेब, म्हणजे तिरकं, कापलेलं कापड खाली एका रेषेत राहिलंय की लोंबतंय, ते. मापं घेताना आणि टाचण्या लावताना मॉडेलशी कसं बोलतात तेही मी फार बारकाईने बघते, कारण तिथे सहसा बोलणं कॅमेऱ्यासाठी केलेलं नसतं. कपडा अंगावर बसत नसेल तेव्हा मॉडेलच्या अंगाला दोष देणारे असतात आणि गुपचूप शिवण उसवणारे असतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसाकडून मला आशा असते. आणि घड्याळात अर्धा तास उरलेला असताना, काय सोडून द्यायचं हे कुणाला कळतं, तेही दिसतं.

पहिल्याच भागात बाहेर जाणाऱ्याबद्दल तर कुणीच बोलत नाही. सर्वांत पहिल्या सीझनमध्ये सर्वांत आधी बाहेर गेला तो डॅनियल फ्रँको. एका दिवसाच्या कामावर घरी. दुसऱ्या सीझनला तो पुन्हा आला, त्याच दारातून, त्याच परीक्षकांसमोर. त्यासाठी काय धीर लागला असेल! त्याला 'पहिला हरलेला' म्हणून लक्षात ठेवणं मला अन्याय वाटतो.

तेव्हा नवीन सीझनचा पहिला भाग बघितला असेल तर खाली जरूर लिहा. कोण आवडलं, कोण नाही, हे आपण चौथ्या भागानंतर बोलू. आता कोणता कपडा आवडला आणि त्यातलं नेमकं काय, ते सांगा. गळा, बाही, रंग, शिवण, काहीही. मी वाचणार आहे आणि प्रत्येकाला उत्तर देणार आहे.