जुनी अमेरिकन चांदी मोडीत घालण्याआधी

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या गटांमध्ये एक मजकूर फिरतो आहे: ‘इथली जुनी चांदीची भांडी म्हणजे इंग्लंडची नक्कल. माल यंत्रात छापलेला, चांदीही शुद्ध नाही. स्वस्तात मिळाली तर घ्या आणि वजनावर मोडीत द्या.’ चांदीचा भाव चढला की लोक हा सल्ला खरोखर पाळतात, म्हणून उत्तर देते आहे.

शुद्धतेचं आधी सांगते, ते लवकर संपतं. भांड्यावर ‘स्टर्लिंग’ लिहिलेलं असेल तर हजारात ९२५ भाग चांदी, उरलेलं बहुतेक तांबं. निखळ चांदी फार मऊ, तिचा काटा रोजच्या वापरात वाकेल. फसगत होते ती ‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’ लिहिलेल्या चमच्यांत. त्यांच्यावर चांदीचा नुसता मुलामा असतो आणि १८४७ हा नावाचाच भाग आहे, घडवल्याचं साल नव्हे.

नकलेचा आरोप सुरुवातीच्या काळापुरता बराच खरा आहे. वसाहतीतले कारागीर इंग्रजी वळणावरच घडवत. पण न्यूयॉर्कच्या टिफनी या पेढीची १८७० च्या दशकातली भांडी पाहा. तिथल्या एडवर्ड मूर या मुख्य रचनाकाराने जपानी वस्तूंचा ध्यास घेतला होता. मठारलेल्या चांदीवर तांब्याचे, सोन्याचे मासे, चतुर, भोपळ्याचे वेल बसवलेले असत. चांदीवर शुद्धतेचा छाप मारण्याच्या इंग्लंडच्या कायद्यात चांदीला असे हलके धातू जोडायला मनाई होती. तिथे जे करताच येत नव्हतं, त्याची नक्कल कशी होईल? १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात याच कामाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं.

आता यंत्र. काटेचमचे ठशात दाबून काढत, हे मान्य. पण तो पोलादी ठसा कोणीतरी हाताने, उलटा खोदलेला असे. टिफनीच्या १८८० च्या शेवंतीच्या नमुन्यातली मुडपलेली पाकळी आधी त्या पोलादात उतरली होती.

आणि गोरहॅम या दुसऱ्या अमेरिकन पेढीच्या ‘मार्तेले’ भांड्यांचं काय? मार्तेले म्हणजे फ्रेंचमध्ये हातोडीने ठोकलेलं. आपले तांबट ज्याला मठारकाम म्हणतात, त्याच कुळातलं. विल्यम कॉडमन हा रचनाकार इंग्रज होता, हे लपवायचं कारण नाही. पण प्रॉव्हिडन्सच्या कारखान्यात त्याच्या हाताखाली जे घडलं ते इंग्रजी साच्यातलं नव्हतं. सपाट पत्रा ठोकून भांडं उभं करायचं. ठोकलं की चांदी ताठरते, म्हणून तावून मऊ करायची, पुन्हा ठोकायची. मग आत राळ भरून बाहेरून लाटा, फुलं, कधी स्त्रीचे मोकळे केस उठवायचे. हातोडीचे ठिपके मुद्दाम ठेवलेले. ठोकायला मऊ पडावी म्हणून चांदीही स्टर्लिंगहून शुद्ध, हजारात ९५० च्या घरातली. असं भांडं हातात धरलं की पृष्ठभाग पाण्यासारखा हलतो. ते भट्टीत जातं, या विचाराने माझ्या पोटात तुटतं.

राहिली किंमत. नेवाड्यातल्या खाणींचा मालक जॉन मॅकी याने स्वतःच्या खाणीतली सुमारे अर्धा टन चांदी टिफनीकडे धाडली. सुमारे दोनशे माणसं जवळजवळ दोन वर्षं राबली आणि जेवणाचा साडेबाराशे नगांचा संच उभा राहिला. चांदी त्याच्या घरचीच होती. त्याने पैसे मोजले ते घडणावळीचे.

तेव्हा भांडं मोडीत द्यायच्या आधी उलटं करा. तळाशी सिंह, नांगर आणि ‘जी’ हे अक्षर दिसलं तर तो गोरहॅमचा छाप. सोबत ‘मार्तेले’ (Martelé) असं उमटवलेलं असेल तर वजनकाट्यावर ठेवूच नका, जाणकाराला दाखवा.