न खपलेली गाडी घ्या आणि स्वस्थ बसा

सोनं आवाक्याबाहेर गेलंय, गावच्या सातबाऱ्यावर अकरा चुलत भाऊ आहेत आणि एसआयपीचा आलेख पाहिला की तुम्हाला पित्त होतं. म्हणून तुम्ही विचारलंत, पैसा लावायचा तरी कुठे? मी म्हटलं, जुन्या अमेरिकन मसल कारमध्ये, म्हणजे साध्या गाडीत दांडगं इंजिन बसवलेल्या गाडीत. तुम्ही हसलात. हसा. जून २०१४ मध्ये सिएटलच्या लिलावात क्रायस्लर कंपनीच्या प्लायमाउथ ब्रँडची १९७१ सालची एक हेमी कुडा ३५ लाख डॉलरला गेली. तेव्हाच्या भावाने साधारण २१ कोटी रुपये. उघड्या टपाची, दोन दारांची, मागच्या सीटवर पाहुण्याला बसवलं तर तो पुन्हा घरी येणार नाही अशी. नवी होती तेव्हा या गाडीला गिऱ्हाईक नव्हतं. त्या साली अशा जेमतेम ११-१२ बनल्या, कारण मागितल्याच तेवढ्यांनी. आणि म्हणूनच ती २१ कोटींची झाली. एवढं समजलं की तुमचं निम्मं शिक्षण पूर्ण झालं.

पहिली पायरी जरा अवघड आहे. तुम्हाला १९५० च्या आगेमागे अमेरिकेत जन्म घ्यावा लागेल. हे जमवलंत तर १९६४ मध्ये तुम्ही ऐन मिसरूड फुटायच्या वयात असाल आणि त्याच वर्षी पाँटिअ‍ॅकची जीटीओ बाजारात येईल. तिची जन्मकथा आपल्या लोकांना लगेच कळेल. पाँटिअ‍ॅक ज्यांची, त्या जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पाँटिअ‍ॅकचा मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्याची मंडळी यांनी नियम नीट वाचला. (नियमाला बगल द्यायची तर तो आधी पाठ असावा लागतो, हे कुठल्याही बिल्डरला विचारा.) नियम मॉडेलला लागू होता, वरून मागवायच्या पर्यायी सामानाला नव्हता. झालं. टेम्पेस्ट ल मान्स या सरळमार्गी गाडीवर ३८९ घनइंचांचं इंजिन 'ऑप्शन' म्हणून ठेवलं, तीनशे डॉलरच्या आत. नाव फेरारीच्या एका गाडीवरून उचललं. पाचेक हजार खपतील असा अंदाज होता, ३२ हजारांवर खपल्या.

तिथून पाककृती ठरून गेली. मध्यमवर्गीय बांध्याची स्वस्त गाडी घ्यायची आणि तिच्यात राक्षस बसवायचा. क्रायस्लरच्या हेमी इंजिनाची क्षमता सात लिटर, म्हणजे आपल्या जुन्या मारुती ८०० ची पावणेनऊ इंजिनं एका बॉनेटखाली. सरळ रस्त्यावर गाडी बंदुकीच्या गोळीसारखी सुटायची. वळायला फारशी राजी नसायची आणि थांबायला त्याहून नाखूष, कारण बऱ्याच गाड्यांना चारही चाकांना साधे ड्रम ब्रेकच होते. वीस वर्षांच्या पोराला याहून योग्य वाहन देवाने निर्माण केलेलं नाही.

आता शोरूममध्ये जा आणि चोखंदळपणा घरी ठेवून जा. जी गाडी चार लोकांनी मागितली ती घेऊ नका. लोकप्रिय गाड्या लाखांनी बनतात. तुम्ही कोपऱ्यात धूळ खात पडलेली गाडी विचारा, जिच्याबद्दल विचारताच विक्रेत्याच्या डोळ्यांत पाणी येईल अशी. १९६९ मध्ये इलिनॉयमधल्या ला हार्प या खेड्याच्या फ्रेड गिब नावाच्या डीलरकडे जायला हरकत नाही. शेव्हरोले कमारोची झेडएल-१ ही आवृत्ती ड्रॅग शर्यतीत (सरळ रस्त्यावर कोण आधी पोचतो, एवढीच शर्यत) उतरवायची तर किमान ५० गाड्या बनायला हव्या होत्या. या बहाद्दराने पन्नासच्या पन्नास मागवल्या. बिल आल्यावर कळलं की नुसत्या अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनाचेच चार हजार डॉलरच्या वर लावलेत आणि गाडी सात हजारांच्या पलीकडे गेलीय. साधी कमारो तेव्हा तीन हजारांच्या आत मिळत होती. ला हार्पच्या शेतकऱ्यांनी गाड्यांकडे पाहिलं, डीलरकडे पाहिलं आणि मका काढायला निघून गेले. हातापाया पडून त्याने ३७ गाड्या कंपनीला परत घ्यायला लावल्या. एकूण बनल्याच ६९. आज त्यातली एक मिळवायला लाखो डॉलर मोजावे लागतात, आणि परत करण्याची गोष्ट कुणी काढत नाही.

नाही तर सुपरबर्ड घ्या. ही माझी लाडकी, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नॅसकार या अमेरिकेतल्या मोटारशर्यतीत हवा कापत जायला प्लायमाउथने १९७० मध्ये एका सभ्य गाडीला पुढे दीड फुटाचं चोचीसारखं नाक आणि मागे दोन फुटांच्या आसपास उंचीचा पंख लावला. फोर्डकडे गेलेला रिचर्ड पेटी हा शर्यतपटू तिच्यामुळे परत आला. पण नियम असा की शर्यतीत जी गाडी आणाल ती सामान्य माणसालाही विकली पाहिजे, दर दोन डीलरमागे एक या हिशोबाने. म्हणून एकोणीसशेच्या आसपास सुपरबर्ड बनल्या. मागची काच बदलताना राहिलेले वेल्डिंगचे सांधे घासत बसायला वेळ नव्हता, तेव्हा सगळ्यांच्या टपावर काळं रेक्झिन चिकटवून टाकलं. हॉर्न वाजवला की 'बीप-बीप' असा कार्टूनमधल्या रोड रनर पक्ष्याचा आवाज. पक्ष्याच्या नावासाठी कंपनीने आधीच वॉर्नर ब्रदर्सला ५० हजार डॉलर दिले होते. आता सांगा, हे ध्यान घेऊन बायकोला माहेरी सोडायला कोण जाईल? गाड्या शोरूमच्या मागच्या अंगणात पडून राहिल्या. काही डीलरांनी तर नाक आणि पंख उपटले, साधी गाडी म्हणून विकल्या आणि सुटकेचा निःश्वास टाकला. २०२२ मध्ये हेमी इंजिनाची एक सुपरबर्ड इंडियानापोलिसच्या लिलावात १६ लाख डॉलरच्या वर गेली. नाकासकट, अर्थात.

रंगही वाईटात वाईट निवडा. क्रायस्लरने त्या काळात रंगांना जी नावं दिली त्यांवरून कळतं की रंगखात्यात कुणी शुद्धीवर नव्हतं: प्लम क्रेझी, सॅसी ग्रास ग्रीन, गो मँगो. (रत्नागिरीचा माणूस विचारेल, हापूस की पायरी?) क्रायस्लरच्याच डॉज ब्रँडचा एक रंग होता पँथर पिंक. घरच्या सोफ्याशीही न जुळणारा गुलाबी. सात लिटरचं इंजिन घेणारा गडी गुलाबी रंग मागत नाही, म्हणून त्या रंगाच्या गाड्या अगदी थोड्या झाल्या. आज लिलावात गुलाबी गाडी आली की साठी-सत्तरीचे मिशाळ गृहस्थ हात वर करताना दिसतात.

गाडी घेतलीत? आता सगळ्यात महत्त्वाचं पथ्य: तिला चालवू नका. मला ठाऊक आहे, ती त्यासाठीच बनवलीय. पण जरा विचार करा. ज्यांनी ती हौसेने चालवली, शनिवारी रात्री सिग्नलला शेजारच्या गाडीशी शर्यत लावली, त्यांनी इंजिन फोडलं, गिअरबॉक्स फोडला आणि दुसरा बसवला. पुढे खरेदीदार आला आणि त्याने टॉर्च घेऊन इंजिनावर ठोकलेला नंबर चॅसिसच्या नंबराशी ताडून पाहिला. आपल्याकडे पत्रिका जुळवतात ना, तसंच. फरक इतकाच की पत्रिकेत १८ गुणांवर लग्न लागतं, इथे ३६ च्या ३६ लागतात. इंजिन दुसरं निघालं की गाडी कितीही देखणी असो, किमतीला कात्री लागते. थोडक्यात, ज्याने गाडीचा उपभोग घेतला त्याचं नुकसान झालं आणि ज्याने ती झाकून ठेवली तो कोट्यधीश. आपल्या आजीने परदेशी कपबश्यांचा सेट चाळीस वर्षं शोकेसमध्ये का ठेवला, ते आता तरी कळलं?

दुरुस्तीही करू नका. आळस हा या धंद्यातला सर्वांत मोठा गुण. दाखला देतो. १९६८ च्या 'बुलिट' सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारांवर जी हिरवी फोर्ड मस्टँग गाडी उधळली, ती १९७४ मध्ये न्यू जर्सीच्या एका गृहस्थाने जाहिरात वाचून सहा हजार डॉलरला घेतली. त्याची बायको शिक्षिका होती. ती ही गाडी घेऊन शाळेत जायची. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनचं पत्र आलं, गाडी परत द्याल का म्हणून. या गृहस्थाने दिली नाही. पुढे १९८० च्या सुमाराला क्लच गेला. क्लच बदलायला किती वेळ लागतो? यांनी तो बदललाच नाही. गाडी गॅरेजात उभी राहिली, घरं बदलली तशी तीही गावं बदलत गेली, पण तिला ना रंग लागला ना पॉलिश. डेंट तसे, गंज तसा, चित्रीकरणाच्या कॅमेऱ्यासाठी खाली केलेलं वेल्डिंगही तसंच. जानेवारी २०२० मध्ये मुलाने ती फ्लॉरिडात किस्सिमीच्या लिलावात नेली. हातोडा पडला ३४ लाख डॉलरला, वरची दहा टक्के फी धरून ३७ लाख ४० हजार. साडेसव्वीस कोटी रुपये. त्या मुलाच्या बापाने एखाद्या रविवारी कंटाळून 'चला, जरा रंग मारून घेऊ' म्हटलं असतं, तर किती कोटींचा चुना लागला असता याचा हिशोब तुम्हीच करा. न्यू जर्सीत आपलीही मंडळी बख्खळ आहेत, पण त्यांच्या गॅरेजात जादा फ्रिज, तांदळाची पोती आणि मंडळाच्या गणपतीचं मखर असतं. तिथे मस्टँग मावणार कुठे?

घरच्यांना साफसफाईपासून मात्र रोखा. सीटखालचा कागद तर कुणी हातात घेऊ नये. क्रायस्लरच्या कारखान्यात प्रत्येक गाडीबरोबर एक तक्ता फिरायचा. कुठलं इंजिन, कुठला रंग, कुठला रेडिओ. काम संपलं की कामगार तो कागद मागच्या सीटच्या स्प्रिंगांत नाही तर पेट्रोलच्या टाकीवर खुपसून द्यायचा, कारण कचऱ्याचा डबा लांब होता. आज तो मळका कागद गाडीच्या खरेपणाचा पुरावा ठरतो आणि लोक तो लॅमिनेट करून घेतात. पुष्कळ कागद उंदरांनी खाल्ले. त्या उंदरांइतकं महागडं जेवण अजून कुणी जेवलेलं नाही.

इतकं सांगूनही एखाद्याला गाडी नवीकोरी करायची खुमखुमी येतेच. करा बापडे, पण फार चांगली करू नका. जाणकार परीक्षक गाडीखाली झोपून बघतात आणि रंग कारखान्यापेक्षा सफाईदार दिसला तर गुण कापतात. म्हणून निष्णात कारागीर महिनोन् महिने घालवून १९७० च्या कामगाराचा निष्काळजीपणा हुबेहूब उतरवतात. इथे रंगाचा ओघळ, तिथे उडालेला फवारा, चॅसिसवर खडूने केलेली वेडीवाकडी खूण. सोमवारी सकाळी डोकं धरून कामावर आलेल्या माणसाने अर्ध्या मिनिटात जे केलं, ते करायला आता तासावर मजुरी आकारली जाते.

पैसा कमी असेल तर 'ट्रिब्यूट' घ्या. सहा सिलिंडरची गरीब गाडी आणायची, तिच्यात मोठं इंजिन बसवायचं, बिल्ले लावायचे आणि म्हणायचं, ही मूळ गाडीला वाहिलेली आदरांजली. आपल्याकडे सेमी पैठणी म्हणतात तसं. नेसायला काही हरकत नाही, फक्त येवल्याच्या माणसासमोर पदर पसरू नका.

गाडी भारतात आणायचा विचार असेल तर कायदाही तुमच्या बाजूने आहे. १९५० नंतरची जुनी गाडी आणणं पूर्वी बंदच होतं. २०२५ मध्ये नियम बदलला आणि ५० वर्षं पुरी झालेली गाडी चालेल असं ठरलं. त्याआधी २०२१ मध्ये अशा गाड्यांसाठी नोंदणीची वेगळी सोय झालेली आहेच. वीस हजार रुपये भरा, नंबरपाटीवर 'व्हीए' ही अक्षरं मिरवा. अट एकच, रोजच्या वापराला गाडी काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, बस्स. सरकारही तेच सांगतंय जे मी मघापासून सांगतोय.

आता विकायचं कधी? घाई नको. २००८ च्या मंदीत या गाड्यांचे भाव असे कोसळले की कित्येकांना उघड्या टपाच्या गाडीत बसून भर उन्हात घाम फुटला. गिऱ्हाईकाचं वयही मनात ठेवा. ज्याला १९७० मध्ये बापाने ही गाडी घेऊ दिली नाही, तो आज सत्तरी ओलांडलेला आहे, पेन्शन आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि खाली वाकून त्या सीटमध्ये शिरणं त्याला जमत नाही. तो गाडी घेत नाहीये, तो बापाला उत्तर देतोय. त्याचा नातू शेजारी उभा राहून मोबाइल बघतो. २०२१ मध्ये इंडियानापोलिसला अशाच एका उघड्या हेमी कुडाची बोली ४८ लाख डॉलरवर गेली आणि मालकाने मान हलवली, नाही म्हणाला. जा परत घेऊन. मी असतो तर दोन्ही हात वर करून होकार दिला असता, पण मी असतो तर गाडीचा क्लचही १९८० सालीच बदलून आणला असता.

लिलावाच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घाला आणि मंचाजवळ उभे राहा. गाडी येताना आवाज येणार नाही, दचकू नका. कान किटवणारं ४२५ अश्वशक्तीचं इंजिन बंद असतं आणि एकसारखे टी-शर्ट घातलेली चार माणसं तिला मागून ढकलत झगमगाटात आणतात. तुम्हाला आपली धक्कास्टार्ट लूना आठवेल आणि हात आपोआप पुढे जातील. आवरा. बॉनेटवर बोटांचे ठसे उमटतील.