सावत्र आईची शेजारीण करू नका

बेळगावात माझ्या मावसभावाची हौशी मंडळी रासीन या फ्रेंच नाटककाराची 'फेद्रा' मराठीत बसवतायत. राजा थेसिअस बेपत्ता, राणी फेद्राचं मन सावत्र मुलावर, हिपोलिटसवर जडतं. पुढं त्या निर्दोष पोरावरच आळ येतो, तो जिवानिशी जातो आणि ती विष घेते. शहापुरातल्या तालमीपासून आमच्या घरच्या ग्रुपपर्यंत सध्या एकच वाद चाललाय: हे आपल्यात शोभतं का? सावत्र आईऐवजी शेजारीण दाखवा, अशीही एक सूचना आली. एरवी पाटी मराठीत की कानडीत यावरून हमरीतुमरीवर येणारे लोक इथं मात्र एका सुरात बोलतायत!

आपल्यात नसायला काय झालं? बैलहोंगल भागातल्या खऱ्या घटनेवरचा 'संग्या बाळ्या' हा कानडी सण्णाट, म्हणजे लोकनाट्य, आपल्याच जिल्ह्यातला. दुसऱ्याच्या बायकोवर जडलेलं मन आणि शेवटी खून. अशोकाची राणी तिष्यरक्षिता तर थेट फेद्राची बहीण शोभावी. सावत्र मुलानं, कुणालानं झिडकारलं म्हणून तिनं त्याचे डोळे काढवले, अशी बौद्ध कथा आहे.

मी फ्रान्सात, ल्योंला राहतो. रासीननं 1677 मध्ये लिहिलेली 'फेद्रा' इथं मुलं अभ्यासाला वाचतात. मागं एकदा प्रयोगाला गेलो होतो, शेजारी कॉलेजची पोरं. फेद्रा दाईपुढं कबुली देते तो प्रवेश चालू होता. ती बाई सगळं सांगते, पण त्याचं नाव काही घेत नाही. 'त्या परक्या राणीचा मुलगा' म्हणते. शेवटी दाईच घाबरून 'हिपोलिटस?' म्हणते, आणि फेद्रा म्हणते, नाव तू घेतलंस. मी खुर्चीच्या कडेवर. मध्यंतरात त्यातलीच एक पोरगी म्हणाली, "रक्ताचं नातं तर नाही, मग एवढं काय?"

बेळगावात हा प्रश्न कुणी विचारणार नाही. फेद्रा करणारी बाई तालमीत म्हणाली म्हणे, "भाजी मार्केटात सासूबाईंच्या मैत्रिणी भेटल्या तर काय सांगू, सांगा की!" अहो, हीच तर फेद्रा. जिथं लाजच उरली नाही तिथं हे नाटक नुसतं सुंदर पद्य होतं. आपल्याकडं ते अंगावर येईल. शेजारीण केलीत तर उरेल एक लफडं, तसली रोज टीव्हीवर असतात.

प्रेक्षक बिथरतात हे खरंच. रासीनच्या कितीतरी आधी ग्रीक नाटककार युरिपिडीसनं हीच कथा मांडली. त्याच्या पहिल्या नाटकात फेद्रा उघड मागणी घालायची, ते अथेन्सकरांनाही रुचलं नाही. मग त्यानं दुसरं लिहिलं, ख्रिस्तपूर्व 428 मध्ये त्याला पहिलं बक्षीस मिळालं. पण त्यातही सावत्र आई सावत्र आईच राहिली.

बदल करायचाच तर दुसरा करा. युरिपिडीसची फेद्रा खोट्या आळाची चिठ्ठी स्वतः लिहून मरते. रासीननं तो आळ दाईच्या तोंडी घातला, कारण असला नीचपणा राणीला शोभत नाही, असं त्यानं प्रस्तावनेतच लिहिलंय. म्हणजे मोलकरणीला शोभतो! मावसभावाला कळवलंय, ती चिठ्ठी राणीच्याच हातात दे.