शार्कला कॅन्सर होतो, आणि ती डबी औषध नाही

गेल्या रविवारी मिरजेला आत्याकडे गेले होते. तिची तिसरी केमो होऊन नऊ दिवस झाले होते, तोंडाला चव नव्हती, म्हणून कढी-भात करून नेला होता. टीव्हीशेजारी तिचा औषधांचा स्टीलचा डबा असतो. त्यात डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांच्या पट्ट्यांवर एक पांढरी, निळ्या झाकणाची प्लास्टिकची डबी ठेवलेली दिसली. वर शार्कचं चित्र. मी सांगलीत सतरा वर्षं मेडिकल चालवते, आत्याची सगळी औषधं माझ्याच दुकानातून जातात. ही डबी मी दिलेली नव्हती.

"हे काय गं आत्या?"

"ते होय? कॅन्सरचंच आहे की. शार्क माशाचं. त्याला म्हणे जन्मात कॅन्सर होत नाही. भाऊजींनी मागवलंय. रोज सहा घ्यायच्यात, उद्यापासून सुरू करणार होते."

भाऊजी म्हणजे तिचे धाकटे दीर. माणूस प्रेमळ, आत्यासाठी रात्ररात्र दवाखान्यात बसलेला. त्यांना हे सुचलं कुठून, तर एका मेसेजवरून. आमच्या घरच्या ग्रुपवर तो महिनाभरात तीनदा आलाय, तुमच्याकडेही आला असेल. मथळा असा: 'शार्कचे सिनेमे खोटे नाहीत! शास्त्रज्ञांनी मान्य केलेली सहा सत्ये'. सहा सत्यं कोणती? शार्क आता नद्यांत शिरलेत, पॅरिसनंतर कृष्णेचा नंबर. रक्ताचा एक थेंब त्यांना मैलावरून कळतो. सत्तर फुटी मेगालोडॉन समुद्राच्या तळाशी आजही जिवंत आहे. शार्क डूख धरतो. शार्क हा माणसाचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. आणि सहावं, शार्कला कॅन्सर होत नाही, 1999 च्या इंग्रजी सिनेमात शास्त्रज्ञ शार्कपासून जे औषध काढताना दाखवलेत तेच आता कॅप्सूलमध्ये मिळतं. खाली मोबाइल नंबर.

पाच मुद्द्यांनी माणसाला घाबरवायचं, थक्क करायचं, आणि सहाव्याला त्याच्या हातात डबी द्यायची, असा हा सगळा बेत आहे. म्हणून मी सहाव्यापासूनच सुरू करते.

तो 1999 चा सिनेमा म्हणजे 'डीप ब्लू सी'. त्यात मेको जातीच्या शार्कचे मेंदू जनुकीय बदल करून मोठे केलेले दाखवलेत आणि त्यातून स्मृतिभ्रंशावर, म्हणजे अल्झायमरवर, औषध काढतात. कॅन्सरचा त्यात विषयच नाही. ज्यानं मेसेज लिहिला त्यानं सिनेमासुद्धा धड बघितलेला नाही. आणि असं औषध सिनेमाबाहेर कुठेही तयार झालेलं नाही.

शार्कला कॅन्सर होत नाही, हे मात्र सिनेमातून आलेलं नाही. 1992 मध्ये अमेरिकेत विल्यम लेन या माणसानं नेमकं याच नावाचं पुस्तक काढलं आणि ते धडाधड खपलं. शार्कच्या अंगात हाड नसतं, सगळा सांगाडा कूर्चेचा. कूर्चा म्हणजे आपल्या कानाच्या पाळीवरचा जो भाग दुमडतो आणि परत जागेवर येतो, ती. मालवणला मोरीचं कालवण खाल्लेल्यांना ती ओळखीची आहे, मोरी हा लहान शार्कच. ही कूर्चा वाळवून, दळून कॅप्सूलमध्ये भरायची, एवढाच तो धंदा.

यात थोडं खरं आहे, ते मान्य करते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, आणि कॅन्सरच्या गाठीला वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात. 1983 मध्ये ली आणि लँगर या संशोधकांनी शार्कच्या कूर्चेतला अर्क सशाच्या डोळ्यातल्या गाठीजवळ ठेवला, तेव्हा गाठीकडे जाणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखली गेली. प्रयोग चांगला होता, खरा होता. पण अर्क थेट गाठीशेजारी ठेवणं वेगळं आणि भुकटी गिळणं वेगळं. कूर्चेतली प्रथिनं पोटात गेली की डाळीतल्या प्रथिनांसारखीच पचतात, त्यांचे तुकडे होतात. गाठीपर्यंत ती जशीच्या तशी पोचतील, हे कुणी दाखवलेलं नाही.

आणि मुळात शार्कला कॅन्सर होतो. 2004 मध्ये गॅरी ऑस्ट्रँडर आणि सहकाऱ्यांनी 'कॅन्सर रिसर्च' या नियतकालिकात शार्क आणि त्यांच्या भाऊबंद माशांमध्ये सापडलेल्या गाठींची नोंदच मांडली. चाळीसच्या वर गाठी, त्यातल्या काही कॅन्सरच्या, आणि काही तर खुद्द कूर्चेच्याच. ज्या कूर्चेला कॅन्सरवरचा उतारा म्हणून विकतात तिलाच गाठ येते! समुद्रात आजारी पडलेला मासा माणसाच्या नजरेला पडण्याआधीच कुणाच्या तरी पोटात जातो, म्हणून असे मासे कमी दिसतात. कमी दिसतात म्हणजे आजार नाही, असं नसतं.

तरी कुणी म्हणेल, बाकीचं राहू दे, माणसाला गुण येतो का ते सांग. तेही तपासून झालंय. अमेरिका आणि कॅनडात फुप्फुसाच्या कॅन्सरच्या 379 रुग्णांवर चाचणी झाली, ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरचे चार्ल्स लू तिचे प्रमुख. सगळ्यांना केमो आणि रेडिएशन दिलंच. त्यातल्या निम्म्यांना वर शार्कच्या कूर्चेचा शुद्ध केलेला अर्क, निम्म्यांना तसंच दिसणारं बिनऔषधी द्रव. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. निकाल 2010 मध्ये छापून आला. अर्क घेणाऱ्यांचं मध्यगा आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, 14.4 महिने, न घेणाऱ्यांचं 15.6. हा एक-सव्वा महिन्याचा फरक योगायोगाचा धरायचा, म्हणजे अर्कानं मारलं असं म्हणता येत नाही. पण वाचवलं असं तर मुळीच म्हणता येत नाही. आणि हा कारखान्यात शुद्ध केलेला, मोजून दिलेला अर्क होता. आत्याच्या डबीत आहे ती नुसती भुकटी.

ती डबी मी उलटी करून आत्याला दाखवली. मागे अगदी बारीक अक्षरात इंग्रजीत एक ओळ होती, तिला चष्मा लावूनही दिसेना, म्हणून मोबाइलमध्ये फोटो काढून मोठी करून वाचून दाखवली: औषधी वापरासाठी नाही. कायद्यानं आहारपूरक वस्तूवर हे लिहावंच लागतं. वर परवान्याचा जो नंबर होता तो अन्नसुरक्षेचा, म्हणजे लोणच्याच्या बाटलीवर असतो त्या जातीचा. औषधाचा परवाना नाही. विकणारा फोनवर "कॅन्सरची गाठ विरघळते" म्हणतो आणि डबीवर मात्र हे औषध नाही म्हणून छापून मोकळा होतो. उद्या कोर्टात गेलात तर तो डबी दाखवेल, फोन नाही.

आत्या बराच वेळ त्या फोटोकडे बघत बसली.

भाऊजींचं म्हणणं होतं, "अगं पण नुकसान तर नाही ना? खाऊन बघायला काय जातंय?" हे वाक्य मी काउंटरवर आठवड्याला चारदा ऐकते आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो. नुकसान आहे, भाऊजी. या भुकटीनं मळमळ होते, उलट्या होतात, बद्धकोष्ठ होतं, आणि केमोच्या रुग्णाला हे सगळं आधीच असतं. रक्तातलं कॅल्शियम वाढल्याच्याही नोंदी आहेत. मग डॉक्टरांना कळत नाही की त्रास केमोचा, आजाराचा की आणखी कशाचा, कारण घरचे डबीबद्दल सांगतच नाहीत. 2014 मध्ये आलेल्या एका अभ्यासात अशा 16 पूरक गोळ्या तपासल्या, त्यातल्या 15 मध्ये बीएमएए नावाचं, मज्जापेशींना घातक द्रव्य सापडलं. मेंदूच्या आजारांशी त्याचा संबंध असावा असा संशोधकांना संशय आहे. सिनेमात शार्कपासून स्मृतिभ्रंशाचं औषध काढतात आणि शार्कच्या खऱ्या गोळीत हे निघतं.

शिवाय एका डबीचे 4,200 रुपये. आत्याचा एक महिन्याचा गाडीखर्च आणि तपासण्या त्यात निघतात.

आता बाकीचे मुद्दे, आणि आधी कृष्णेचा, कारण आमच्या गल्लीत त्यावरून पोरांना पोहायला जाऊ देईनात. 2024 मध्ये 'अंडर पॅरिस' नावाचा सिनेमा आला, त्यात मेको शार्क सेन नदीत शिरतो. मेको हा खुल्या समुद्रातला मासा. शार्कच्या रक्तात युरिया साठवलेला असतो, त्यामुळे खाऱ्या पाण्यात त्याच्या अंगातलं पाणी टिकतं. तो गोड्या पाण्यात आला की बाहेरचं पाणी अंगात घुसत राहतं आणि मासा मरतो. बुल शार्क या एका जातीला मात्र युरिया कमी करून, भरपूर लघवी करून गोड्या पाण्यात तग धरता येतो, हे खरं. जगात बऱ्याच नद्यांत तो दिसलाय, आपल्याकडे पालघरला वैतरणेतही. पण वैतरणा तिथून फार लांब न जाता समुद्राला मिळते. आपली कृष्णा सांगलीहून पूर्वेला निघते ती हजार किलोमीटरच्या वर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. उलट्या दिशेनं येणाऱ्या शार्कला विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा, मग नागार्जुनसागर, श्रीशैलम, नारायणपूर आणि शेवटी अलमट्टी, एवढं सगळं चढून यावं लागेल. नागार्जुनसागरची भिंतच सव्वाशे मीटरच्या आसपास उंच आहे.

पोरांना नदीवर एकटं सोडू नका, हे मीही सांगते. औदुंबर-भिलवडीच्या पट्ट्यात मगरी आहेत, त्या खऱ्या आहेत आणि त्यांनी माणसं ओढून नेलीत. शार्कची भीती घालून मगरीकडे दुर्लक्ष करू नका.

मेगालोडॉन होता, नक्की होता, पण तो सुमारे 36 लाख वर्षांपूर्वी संपला. 2018 च्या 'द मेग'मध्ये तो मारियाना गर्तेतून वर येतो. ती गर्ता जवळपास अकरा किलोमीटर खोल आहे, आणि शार्क तीन किलोमीटरच्या खाली क्वचितच जातात, तिथे त्यांना पोटभर खायलाच नाही. मेगालोडॉन तर उबदार पाण्यात देवमासे खाणारा. शार्कचे दात आयुष्यभर पडत असतात, हजारोंनी. तो जिवंत असता तर ताजे दात सापडले असते, सापडतात ते सगळे दगड झालेले. मेसेजसोबत जो 'शास्त्रज्ञा'चा व्हिडिओ फिरतोय तो 2013 मध्ये डिस्कव्हरी वाहिनीनं दाखवलेल्या कार्यक्रमातला आहे. त्यातले शास्त्रज्ञ हे पैसे देऊन आणलेले नट होते, तेव्हाच त्यावरून मोठा गदारोळ झाला होता.

रक्ताच्या थेंबाचं म्हणाल तर शार्कचं नाक तिखट आहे, पण वास पाण्यातून वाहत यावा लागतो, आणि मैलभर जाईपर्यंत एका थेंबाचं काही उरत नाही. 2010 मध्ये फ्लोरिडात पाच जातींचे शार्क आणि पाकट तपासले, तेव्हा त्यांचं नाक इतर माशांहून फार वेगळं निघालं नाही.

डूख धरण्यावर मी वेळ घालवत नाही. 1987 च्या 'जॉज: द रिव्हेंज'मध्ये शार्क एकाच कुटुंबाच्या मागे थेट बहामापर्यंत जातो आणि वर डरकाळीही फोडतो. शार्कला आवाज काढायचं इंद्रियच नाही.

आणि सगळ्यात मोठा शत्रू? 2024 मध्ये सगळ्या जगात मिळून, माणसानं डिवचलेलं नसताना शार्कनं चावा घेतल्याच्या 47 घटना नोंदल्या गेल्या, त्यात चार माणसं गेली. फ्लोरिडाच्या संग्रहालयात ही नोंद वर्षानुवर्षं ठेवतात. आपल्या देशात साप चावून वर्षाला सरासरी 58,000 माणसं मरतात. आपल्या ऊसपट्ट्यात हे वेगळं सांगायला नको. फडात घोणस चावलेला माणूस मांत्रिकाकडे नेतात आणि दोन तासांनी दवाखान्यात आणतात, हे मी दुकानात बसून डोळ्यांनी बघितलंय. ज्या पीटर बेंचलीच्या कादंबरीवरून 1975 चा 'जॉज' निघाला, त्यानं पुढचं आयुष्य शार्क वाचवा म्हणून सांगत काढलं. आणि माणसं वर्षाला कोट्यवधी शार्क मारतात, काही कॅप्सूलमध्ये भरायला.

मंगळवारी आत्याला घेऊन डॉक्टरांकडे गेले तेव्हा डबीही बरोबर नेली. त्यांनी ती हातात घेऊन वाचली, फाइलवर नोंद केली, आणि आत्याला एवढंच विचारलं, "मावशी, एकही घेतली नाही ना?" तिनं मान हलवली. चौथी केमो ठरल्या तारखेला आहे. भाऊजींनी विकणाऱ्याला फोन लावला होता, पैसे परत मिळणार नाहीत म्हणाला.

डबी आता माझ्या काउंटरच्या खणात आहे. काल एक मुलगा आईसाठी शार्कच्या गोळ्या मिळतील का विचारत आला. त्याच्या हातात ती डबी दिली, मागची ओळ आधी वाच म्हटलं, आणि मग खुर्ची ओढून दिली.