मार्क मार्टिनची कारकीर्द हुकलेल्या विजेतेपदांवरून मोजू नका

नॅस्कार म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यती. तिथल्या मार्क मार्टिन या ड्रायव्हरचं नाव निघालं की बघणाऱ्यांपैकी कोणीतरी हळहळतंच, "मोसमाच्या गुणतालिकेत पाच वेळा दुसरा आला, पण विजेतेपद काही नशिबात नव्हतं." इथे अमेरिकेतल्या शार्लटमध्ये आम्ही जी मराठी मंडळी शर्यती बघायला जमतो, त्यांच्यातही हेच. १९९०, १९९४, १९९८, २००२, २००९ ही पाच वर्षं लोकांना तोंडपाठ असतात. एवढ्या वर्षांत त्या माणसाने काय काय केलं, ते मात्र कोणी सांगत नाही. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

ज्यांनी हा खेळ बघितलेला नाही त्यांच्यासाठी: स्टॉक कार बाहेरून घरच्या सेडानसारखी दिसते, आत मात्र नुसता पोलादी नळ्यांचा सांगाडा. वजन दीड टन. एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही. उन्हाळ्यात आतलं तापमान ५० अंशांच्या वर जातं आणि त्यात तीन-चार तास बसायचं. शार्लटची ६०० मैलांची शर्यत मी कुंपणाजवळच्या खालच्या रांगेत बसून बघितली आहे. झिजलेल्या टायरची काळी कणी केसांत, शर्टावर, हातातल्या पेल्यात येऊन पडते. गाड्यांचा थवा समोरून गेला की छाती हादरते. मार्टिन १९८१ ते २०१३ या काळात नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेत ८८२ शर्यतींत उतरला. त्यातल्या ४० जिंकला. २००२ ची ही शार्लटची शर्यतही त्याचीच.

सुरुवात सोपी नव्हती. आर्कान्साच्या बेट्सव्हिलमधला हा मुलगा. एएसए या खालच्या पातळीवरच्या स्टॉक कार मालिकेत १९७८ ते १९८० अशी सलग तीन विजेतेपदं घेऊन आला, १९८२ मध्ये स्वतःची टीम उभी केली आणि पैसे संपले. सामानसुमान लिलावात काढावं लागलं. १९८३ मध्ये दुसऱ्याच्या टीममध्ये जागा मिळाली, तीही थोड्याच शर्यतींत गेली. मग परत एएसए, १९८६ मध्ये तिथे चौथं विजेतेपद, आणि १९८८ मध्ये टीममालक जॅक राउशची ६ नंबरची गाडी. पहिला विजय ऑक्टोबर १९८९ मध्ये, रॉकिंगहॅमला. ती ६ नंबरची गाडी त्याने २००६ पर्यंत चालवली.

आता १९९० बद्दल, कारण सगळे वाद तिथूनच सुरू होतात. मोसमाच्या सुरुवातीलाच मार्टिन रिचमंडची शर्यत जिंकला. तपासणीत कार्ब्युरेटरखालची स्पेसर प्लेट (कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधली पट्टी) नियमापेक्षा अर्धा इंच जाड निघाली. तेवढीच उंची वेल्डिंग करून घेतली असती तर चाललं असतं, ती बोल्टने बसवली होती एवढाच गुन्हा. विजय कायम राहिला, पण ४६ गुण कापले. वर्षअखेर डेल अर्नहार्ट २६ गुणांनी विजेता ठरला. माझं स्पष्ट मत आहे की ती शिक्षा चुकीपेक्षा कितीतरी मोठी होती. पण विजेतेपद चोरलं गेलं, असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. मोसम संपत आला असताना फिनिक्सला अर्नहार्टने मैदान मारलं आणि गुणांत सहाने पुढे गेला. शेवटच्या अटलांटाच्या शर्यतीत तो तिसरा आला, मार्टिन सहावा. अर्नहार्टने ते कमावलं होतं.

मला मार्टिन आवडतो तो त्याच्या गाडी चालवण्याच्या पद्धतीमुळे. शर्यतीच्या पहिल्या टप्प्यात मागून जास्त वेगाची गाडी आली, तर तो तिला जागा द्यायचा. बघणाऱ्याला वाटतं हा घाबरला की काय. तसं नाही. दोन गाड्या शेजारी शेजारी झुंजत राहिल्या की दोघांचाही वेळ जातो, टायर झिजतात आणि पुढचे आणखी पुढे निघून जातात. चारशे लॅपच्या शर्यतीत विसाव्या लॅपला जागा अडवून काय मिळणार? आणि ज्यांना त्याने वाट दिली, तेही त्याची गाडी वेगात असली की त्याला वाट द्यायचे. शेवटच्या पन्नास लॅपमध्ये मात्र तो इंच सोडायचा नाही. ताशी २५० किलोमीटरच्या वेगात हा शेजारी मला भिंतीवर ढकलणार नाही, असा विश्वास इतरांना ज्याच्याबद्दल वाटतो, असे ड्रायव्हर फार थोडे. माझ्या लेखी याचं मोल करंडकाहून कमी नाही.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये विमान अपघातात त्याचे वडील ज्युलियन, सावत्र आई आणि सावत्र बहीण गेले. ज्या वडिलांनी मांडीवर बसवून गाडी शिकवली, ते वडील. दोन आठवड्यांनी त्याने ब्रिस्टलची रात्रीची शर्यत जिंकली आणि तो विजय त्यांना वाहिला. त्या वर्षी सात शर्यती जिंकूनही तो दुसरा, कारण जेफ गॉर्डनने तेरा जिंकल्या होत्या. सांगा, यात अपयश कुठे शोधायचं?

२००७ ची डेटोना ५०० तो ०.०२ सेकंदाने हरला. शेवटच्या लॅपमध्ये मागे गाड्या आदळत होत्या, पंचांनी शर्यत थोपवणारा पिवळा झेंडा वेळेवर दाखवला असता तर जिंकलाही असता. त्याने रडगाणं गायलं नाही. मीही गात नाही.

आणि २००९! पूर्णवेळ शर्यती सोडून दोन वर्षं झालेली, पाठीची शस्त्रक्रिया त्याही आधीची, वय पन्नास. हेंड्रिकच्या टीमने ५ नंबरची गाडी दिली आणि या गड्याने त्या मोसमात पाच शर्यती जिंकल्या. शेवटी तो गुणांत दुसरा आला, तेव्हा त्याच्या पुढे होता त्याच टीमचा जिमी जॉन्सन, सलग चौथं विजेतेपद घेणारा.

२०१७ मध्ये मार्टिन आमच्या शार्लटच्या नॅस्कार हॉल ऑफ फेममध्ये (मोठ्या खेळाडूंच्या सन्मान दालनात) गेला. ज्यांनी त्याला कधीच बघितलं नाही, त्यांनी डार्लिंग्टन ट्रॅकवरच्या दोन शर्यती शोधून बघाव्यात, १९९३ ची आणि २००९ ची. ट्रॅक अंड्याच्या आकाराचा, एक वळण रुंद तर दुसरं आवळलेलं, भिंतीला उजवी बाजू घासली नाही अशी गाडी तिथे क्वचितच सापडते. चौतिसाव्या वर्षी तिथे जिंकलेला माणूस पन्नासाव्या वर्षी पुन्हा जिंकतो. २००९ ची आधी बघा, आणि शेवटचे पन्नास लॅप अजिबात चुकवू नका.